पाच मेल खाती, साठवलेले पासवर्ड आणि उघडी राहिलेली सेशन्स : कामाच्या नोंदी

2 ऑगस्ट 2025 : मोजदाद

काम: पाच मेल खात्यांचे, ब्राउझरांत विखुरलेले पासवर्ड कीपासएक्ससी या पासवर्ड साठवणाऱ्या प्रोग्रामच्या एका तिजोरीत आणायचे, सगळे बदलायचे आणि जुनी सेशन्स, म्हणजे पूर्वी केलेली आणि अजून चालू असलेली लॉगिनं, बंद करायची. खाती: दोन जीमेल, एक आउटलुक, दोन स्वतःच्या डोमेनवरची आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याची पद्धत). यंत्रं: विंडोज लॅपटॉप, लिनक्स लॅपटॉप, दोन फोन, एक जुना टॅबलेट, स्कॅन मेलने पाठवणारा एक प्रिंटर. अंदाज: शनिवार-रविवार.

क्रोममध्ये 214 नोंदी, फायरफॉक्समध्ये 96. त्यातल्या मेलच्या 37. खाती पाच आणि नोंदी सदतीस, हे कसं, ते शोधण्यात पहिला तास गेला. कारणं तीन सापडली. एकाच खात्याच्या नोंदी लॉगिन पानाच्या पत्त्यानुसार वेगळ्या पडतात, म्हणजे जीमेलचं जुनं पान एक आणि गूगल खात्याचं पान दुसरं. फोनवरच्या ॲपमधून साठवलेली नोंद वेब पत्त्याऐवजी 'अँड्रॉइड'ने सुरू होणाऱ्या लांबलचक ओळीवर बसते. तिसरं म्हणजे टिंबं. जीमेल नावातली टिंबं मोजत नाही, पण ब्राउझर मोजतो. त्यामुळे टिंबासह आणि टिंबाविना अशा दोन नोंदी, दोघींचे पासवर्ड वेगळे, आणि त्यातला एक केव्हाच बाद झालेला.

ब्राउझरबाहेरच्या जागा: थंडरबर्ड हा मेल प्रोग्राम, लिनक्सवर मेलची प्रत उतरवून घेणाऱ्या एमबीसिंकची सेटिंग फाइल (पासवर्ड उघडा लिहिलेला), प्रिंटर, टॅबलेटचं मेल ॲप. मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटरमध्ये कुणी पासवर्ड ठेवले असतील तर या महिन्यापासून ते तिथे दिसत नाहीत, एज ब्राउझरमध्ये शोधावे लागतात. इथे ती भानगड नव्हती.

यादी कागदावर केली. खातं, कुठे साठवलंय, कोणतं यंत्र त्यावर लॉगिन आहे, रिकव्हरी (पासवर्ड विसरला तर खातं परत मिळवण्याचा कोड) कुठे जाते, असे चार रकाने. वेळ 2 तास 30 मिनिटं.

3 ऑगस्ट : रिकव्हरीचा फेरा

पासवर्डला हात लावण्याआधी चौथा रकाना तपासला, आणि बरं झालं. पहिल्या जीमेलची रिकव्हरी दुसऱ्या जीमेलकडे, दुसऱ्याची पहिल्याकडे. दोन्हीकडची दारं एकदम लागली तर किल्ली आतच. आउटलुकची रिकव्हरी तर एका तिसऱ्याच जीमेलवर, जे तीनेक वर्षं उघडलेलं नव्हतं. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर 2023 पासून काढून टाकतं. ते खातं गेलेलं निघालं.

दुरुस्ती: मुख्य जीमेलची रिकव्हरी स्वतःच्या डोमेनवरच्या खात्याकडे, दुसऱ्या जीमेलची आणि आउटलुकची मुख्य जीमेलकडे. डोमेन जिथे नोंदवलंय त्या सेवेचं लॉगिन मुख्य जीमेलवर असेल तर फेरा पुन्हा तयार होतो, म्हणून तिथे वेगळा पत्ता दिला.

नवीन पत्ता किंवा नंबर आधी जोडा, त्यावर कोड येतो का ते पाहा, मगच जुना काढा. मायक्रोसॉफ्ट खात्यात जुन्या पत्त्यावर किंवा नंबरवर कोड येत नसताना सगळी सुरक्षा माहिती एकदम बदलली, तर ती लागू व्हायला 30 दिवस थांबावं लागतं. गूगलकडे रिकव्हरी नंबर बदलल्यावरही सात दिवसांपर्यंत जुन्या नंबरवर कोड पाठवण्याचा पर्याय दिसू शकतो. नंबर दुसऱ्याच्या हाती गेला असेल तर हे सात दिवस लक्षात ठेवावेत.

4 ऑगस्ट : निर्यात, आणि दोन चुका

क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही पासवर्ड सीएसव्हीत देतात. ही साधी मजकूर फाइल असते. कुलूप नाही, काही नाही.

चूक एक: फाइल डाउनलोड्समध्ये उतरवली आणि ते फोल्डर क्लाउडशी जोडलेलं होतं. अकरा मिनिटांनी लक्षात आलं. फाइल पुसली, कचरापेटी रिकामी केली, क्लाउडवरची कचरापेटी आणि फाइलच्या जुन्या आवृत्त्याही काढल्या. तरी ते 214 पासवर्ड फुटलेच असं धरून चाललो. नाहीतरी मेलचे सगळे बदलायचेच होते. पण बँक, खरेदी वगैरे धरून 40 जास्तीचे बदलावे लागणार, म्हणजे अकरा मिनिटांची किंमत किमान चार तास.

दुसऱ्यांदा निर्यात लिनक्सवरून, रॅममध्येच राहणाऱ्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये. आधी स्वॅप बंद केला, नाहीतर रॅममधला मजकूर डिस्कवर उतरू शकतो. विंडोजवर हीच सोय हवी असेल तर व्हेराक्रिप्टचा छोटा कुलूपबंद खंड करून त्यात निर्यात करावी. एसएसडीवर 'पुसून वर काहीतरी लिहिणं' भरवशाचं नाही, कारण नवं लिखाण त्याच जागी पडेल असं नसतं.

चूक दोन: जुळ्या नोंदी काढायला फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडली आणि सेव्ह केली. शून्याने सुरू होणाऱ्या आकडी पासवर्डचं शून्य गेलं. सोळा आकडी पासवर्डचे शेवटचे आकडे बिघडले. बरोबरच्या चिन्हाने (=) सुरू होणारा पासवर्ड सूत्र समजला गेला आणि तिथे त्रुटीचा संदेश आला. एकूण पाच पासवर्ड बिघडले. हे आयात केल्यावर लक्षात येत नाही, लॉगिन फसतं तेव्हा येतं. सीएसव्ही स्प्रेडशीटमध्ये उघडूच नये. जुळ्या नोंदी तिजोरीत आल्यावर काढाव्यात.

आयात करताना: क्रोमच्या फाइलचे रकाने नाव, पत्ता, युजरनेम, पासवर्ड, टीप असे आहेत, ते सरळ जुळतात. फायरफॉक्सच्या फाइलला नावाचा रकाना नाही, म्हणून शीर्षकाच्या जागी पत्त्याचाच रकाना निवडला. पहिली ओळ शीर्षकांची आहे हे सांगायला विसरलो तर 'युजरनेम' नावाची एक भुताटकी नोंद तयार होते. फायरफॉक्सच्या फाइलमध्ये पासवर्ड शेवटचा कधी बदलला तेही असतं, 1970 पासूनच्या मिलिसेकंदांत. ती तेरा आकडी संख्या हजाराने भागून तारीख काढली. दोन जुळ्या नोंदींत चालू कोणती, हे त्यावरून लगेच कळलं.

पासकी (पासवर्डऐवजी चालणारी, यंत्रात किंवा तिजोरीत ठेवलेली लॉगिनची किल्ली) सीएसव्हीत येत नाहीत. ज्या खात्याला पासकी आहे ती नव्या जागी नव्याने करावी लागते. वेळ 5 तास.

5 ऑगस्ट : मास्टर पासवर्ड

तिजोरी उघडणारा हा एकच पासवर्ड. पहिला विचार होता देवनागरीतल्या सहा शब्दांचा. दोन तासांत सोडला. 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ, दुसऱ्यात साधा र आणि न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे पासवर्ड. 'ॲ'चीही तीच गत. लॅपटॉपच्या कीबोर्डने केलेला पासवर्ड फोनच्या कीबोर्डला उघडता आला नाही. शिवाय तिजोरी ज्या यंत्रावर उघडायची तिथे मराठी कीबोर्ड असेलच असं नाही.

रोमन अक्षरांत मराठी शब्द हाही मार्ग आहे, पण घाईत 'पाणी'त एक ए की दोन, हे आठवावं लागतं. शेवटी ईएफएफ या डिजिटल हक्कांच्या संस्थेची 7776 शब्दांची इंग्रजी यादी आणि खरे फासे. शब्दामागे पाच फासे, असे सहा शब्द, साधारण 77 बिट (पासवर्ड ओळखणं किती अवघड, त्याचं माप). मनाने शब्द निवडले तर हे गणित लागू होत नाही. आवडला नाही म्हणून शब्द बदलायचाही नाही.

7 ऑगस्ट : पहिलं जीमेल

क्रम असा ठेवला: दोन-टप्पी पडताळणी तपासणं, बॅकअप कोड, नवा पासवर्ड (तिजोरीने बनवलेला, 24 अक्षरं), मग उपकरणांची यादी, शेवटी जोडलेली ॲप्स. पासवर्ड बदलला की बाकी सगळं आपोआप बाहेर पडेल, ही समजूत इथे मोडली.

बदलाआधी यादीत नऊ सेशन्स. बदलानंतर तीन उरली. गूगल स्वतःच सांगतं की लॉगिनच्या वेळी ओळख पटवायला वापरलेली उपकरणं आणि खात्याचा प्रवेश दिलेली तिसऱ्या कुणाची ॲप्स असलेली काही उपकरणं आत राहतात. फोन राहिला ते ठीक. टॅबलेटवरचं मेल ॲप टोकनवर (लॉगिननंतर मिळालेल्या पासवर) चालत होतं, तेही राहिलं. त्या ॲपने पासवर्ड एकदाच, कधीतरी पाहिलेला. नंतर ते पासवर्ड विचारतच नाही, मग बदलला तरी त्याला काय फरक पडतो? उरलेली सेशन्स एकेक उघडून साइन आउट केली, आणि 'तिसऱ्या पक्षाच्या जोडण्या' या पानावर जाऊन टॅबलेटच्या ॲपचा प्रवेश काढला. तेव्हा कुठे टॅबलेटवर लॉगिन मागितलं गेलं.

तिसरं सेशन विंडोज लॅपटॉपचं. त्यावरच्या कुकी सकाळीच पुसल्या होत्या, तरी यादीत होतं. कुकी पुसणं म्हणजे आपल्याकडची पावती फाडणं. सर्व्हरच्या वहीतली नोंद तशीच राहते, आणि त्या कुकीची प्रत कुणाकडे असेल तर ती चालते. आधी साइन आउट, मग कुकी, हा क्रम. जीमेलच्या संगणकावरच्या पानावर सगळ्यात खाली उजवीकडे 'शेवटची हालचाल' आणि तिचे तपशील मिळतात. कोणत्या आयपीवरून (इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून), ब्राउझरने की आयमॅपने, हे तिथे दिसतं. उपकरणांच्या यादीपेक्षा ही यादी जास्त कामाची वाटली.

ॲप पासवर्ड (एखाद्या प्रोग्रामसाठी किंवा यंत्रासाठी काढलेले वेगळे पासवर्ड) मात्र मूळ पासवर्ड बदलताच रद्द झाले. एमबीसिंक लगेच अडलं, तिथे कळलं. प्रिंटर आठवलाच नाही.

8 ते 9 ऑगस्ट : आउटलुक

'सगळीकडून साइन आउट' दाबलं. याला 24 तासांपर्यंत लागू शकतात, तसं तिथे लिहिलेलंही आहे. अर्ध्या तासाने दुसरा फोन आत दिसला म्हणून पुन्हा दाबलं, मग पासवर्ड पुन्हा बदलला, मग फोनवरून खातं काढून परत घातलं. सगळं व्यर्थ. दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप बाहेर पडलेलं. वाया 1 तास 20 मिनिटं.

थंडरबर्डमध्ये साठवलेल्या पासवर्डच्या यादीत आउटलुकच्या दोन ओळी होत्या. एक जुनी साध्या पासवर्डची. ती 16 सप्टेंबर 2024 पासूनच निरुपयोगी, कारण वैयक्तिक आउटलुक खात्यांना साध्या पासवर्डने जोडणं तेव्हा बंद झालं. दुसरी 'ओऑथ'ने सुरू होणारी, म्हणजे टोकन. दोन्ही पुसून थंडरबर्ड बंद-चालू केलं, ब्राउझरची खिडकी उघडली, लॉगिन झालं. टोकनची ओळ न पुसता नुसता पासवर्ड बदलत बसण्यात लोकांचे तास जातात.

10 ऑगस्ट : स्वतःच्या डोमेनवरची खाती

सगळ्यात जास्त डोकं इथे खाल्लं गेलं.

पासवर्ड बदलला, दोन्ही लॅपटॉपवर नवा घातला, चाललं. वीस मिनिटांनी दोन्हीकडे जोडणी नाकारली जाऊ लागली. पासवर्ड बरोबर, आयमॅपचा पोर्ट 993 बरोबर, वेबमेल उघडेना. पुन्हा बदलला, पुन्हा तेच. फोन मोबाइल डेटावर घेतला तर सगळं सुरळीत! म्हणजे भानगड खात्याची नव्हती, घरच्या जोडणीच्या आयपीची होती.

टॅबलेट. टेबलावर पडल्या पडल्या दर पाच मिनिटांनी जुन्या पासवर्डने दार वाजवत होता, प्रत्येक वेळी तीन-चार जोडण्या. सर्व्हरवर फेल2बॅन आहे. ठरावीक वेळा चुकलं की तो आयपीच अडवतो. राउटरमागची सगळी यंत्रं बाहेरून एकाच आयपीची दिसतात, त्यामुळे टॅबलेटच्या पापाची शिक्षा लॅपटॉपला. टॅबलेट विमान मोडवर टाकला, आयपीची बंदी सर्व्हरवरून उठवली, मग टॅबलेटवरून खातं काढलं. आधी सगळ्या यंत्रांवर मेलची तपासणी थांबवावी, मग पासवर्ड बदलावा, मग एकेक यंत्र सुरू करावं. वाया 3 तास.

दुसरी गोष्ट त्यातूनच कळली. दुसऱ्या फोनला नवा पासवर्ड दिलेलाच नव्हता, तरी त्यावर मेल येत होती. आयमॅपमध्ये पासवर्ड जोडणी होताना एकदाच तपासला जातो. नवी मेल कळावी म्हणून उघडी ठेवलेली जोडणी तुटेपर्यंत चालूच राहते. डव्हकॉट या मेल सर्व्हरवर 'डव्हॲडम हू' या आज्ञेने कोण आत आहे ते पाहिलं आणि 'डव्हॲडम किक'ने बाहेर काढलं. सर्व्हर आपल्या हातात नसेल तर होस्टिंगवाल्याला आयमॅपच्या चालू जोडण्या तोडायला सांगावं. नुसतं 'पासवर्ड बदलला' म्हणून भागत नाही.

13 ऑगस्ट : प्रिंटर

स्कॅन केलेली पानं सहा दिवस कुठेच पोहोचत नव्हती. प्रिंटरच्या पडद्यावर 'पाठवलं' असंच येत होतं, त्रुटी फक्त त्याच्या वेब पानावरच्या नोंदवहीत होती. कारण 7 तारखेला रद्द झालेला ॲप पासवर्ड.

नवा ॲप पासवर्ड सोळा अक्षरी, चार-चारच्या गटांत दाखवला जातो. प्रिंटरमध्ये तो जागा न सोडता घातला. पोर्ट 465 या प्रिंटरला जमेना, 587 आणि स्टार्टटीएलएसवर (आधी साधी जोडणी, मग ती कुलूपबंद) गेलं.

मग परत काढून टाकला. ॲप पासवर्डला दुसरा टप्पा लागत नाही आणि त्याने अख्खी मेलपेटी वाचता येते. असा पासवर्ड कुणीही उघडू शकेल अशा प्रिंटरच्या पोटात ठेवणं पटलं नाही. डोमेनवर फक्त स्कॅनसाठी वेगळं रिकामं खातं केलं, प्रिंटर तिकडून पाठवतो. एमबीसिंकचा पासवर्डही सेटिंग फाइलमधून काढून बाहेरच्या आज्ञेने, यंत्राच्या किल्ली-साठ्यातून घेण्याची सोय केली.

14 ऑगस्ट : बाकी उघड्या खिडक्या

सगळी सेशन्स बंद केली तरी मेल बाहेर जाऊ शकते अशा जागा: फॉरवर्डिंग, फिल्टरमधलं फॉरवर्डिंग (हे वेगळ्या टॅबवर असतं, सहज निसटतं), दुसऱ्याला दिलेला प्रवेश, आणि 'या पत्त्यावरून पाठवा'. पाचही खात्यांत पाहिलं. एका जीमेलच्या फिल्टरमधून पावत्या एका बंद पडलेल्या पत्त्याकडे जात होत्या. 'या पत्त्यावरून पाठवा'मध्ये डोमेनच्या खात्याचा जुना एसएमटीपी (मेल पाठवण्याचा) पासवर्ड साठवलेला होता. यादीच्या कागदावर ही जागा नव्हतीच. जोडलेली ॲप्स सहा, त्यातली चार काढली.

17 ऑगस्ट : ब्राउझर रिकामे करणं

पुसण्याआधी तिजोरीतून पाचही खात्यांत नव्याने लॉगिन करून पाहिलं. कीपासएक्ससीच्या ब्राउझर जोडणीने एका खात्यात पासवर्ड भरला नाही, कारण नोंदीतला पत्ता जुन्या पानाचा. नोंदीत जादा पत्ते घालता येतात, दोन घातले.

क्रोममध्ये पुसलं की सिंक असलेल्या सगळ्या यंत्रांवरून जातं. हवं होतं तेच झालं. पण पासवर्ड साठवण्याची विचारणा बंद करायला विसरलो आणि सवयीने 'सेव्ह' दाबलं. दोन नोंदी परत आत. स्विच आधी बंद करा. फोनवरही वेगळा स्विच आहे.

फायरफॉक्सच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये लॉगिन्सची फाइल, तिची बॅकअप प्रत आणि की4 ही किल्लीची फाइल शेजारी शेजारी असतात. प्रायमरी पासवर्ड (हा साठा कुलूपबंद करणारा) लावलेला नसेल तर हे फोल्डर ज्याच्या हातात, पासवर्ड त्याच्या हातात. जुन्या बॅकअप डिस्कवर अशा तीन प्रोफाइल सापडल्या. थंडरबर्डचंही तेच, फाइलींची नावंही तीच.

19 ऑगस्ट : बॅकअप कोड

गूगल एका वेळी दहा कोड देतं, आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालणारा. छापलेल्यातला एक वापरून पाहिला, नाकारला. 7 तारखेला कोड छापले, मग पान पुन्हा उघडून नवा संच घेतला, आणि नवा संच घेतला की जुना बाद. छापलेले कोड ठेवलेल्या पाकिटात बाद संच होता. नवा छापला, एक कोड खर्चून तपासला, त्यावर रेघ मारली. उरले नऊ.

30 सेकंदांनी बदलणारे कोड तिजोरीत ठेवले नाहीत, फोनवर वेगळे ठेवले. दोन्ही एकाच फाइलमध्ये असतील तर दुसरा टप्पा नावालाच. लिनक्स लॅपटॉपवर पडताळणी म्हणून तेच कोड काढून पाहिले तर जुळेनात. घड्याळ दोन मिनिटं मागे होतं. वेळ आपोआप जुळवायची सेटिंग चालू केली.

24 ऑगस्ट : कोऱ्या यंत्रावरची चाचणी

लिनक्सवर नवा वापरकर्ता, कुठलंही लॉगिन नाही, दोन्ही फोन बाजूला. हातात फक्त पाकीट. त्यावरून मुख्य जीमेलपर्यंत पोहोचायचं.

पहिल्याच पायरीला अडलं. तिजोरीची प्रत क्लाउडवर, आणि क्लाउडचा पासवर्ड तिजोरीत. 3 तारखेला मेलमधला फेरा सोडवला होता, तोच इथे नव्याने बांधून ठेवलेला. पाकिटात यूएसबी घातली, तीवर तिजोरीची प्रत. दुसरी प्रत दुसऱ्या जागी. पुन्हा चाचणी: यूएसबी, मास्टर पासवर्ड, जीमेल, बॅकअप कोड, आत. 9 मिनिटं. उरले आठ कोड.

फोनवरच्या कीपासडीएक्सने (तीच तिजोरी उघडणारं ॲप) आणि लॅपटॉपने तिजोरी एकाच वेळी बदलली तर क्लाउडवर दोन प्रती होतात. आज एकदा झालं. कीपासएक्ससीमधल्या 'मर्ज'ने दोन्ही जुळल्या, काही गेलं नाही.

आजवरची बेरीज 23 तास, त्यातले साधारण आठ चुका निस्तरण्यात. शिल्लक: क्लाउडवर गेलेल्या फाइलमधले 40 पैकी 26 पासवर्ड, बॅकअप डिस्कवरच्या तीन प्रोफाइल, आणि टॅबलेट. तो अजून विमान मोडवरच आहे.